मुलांची कविता आणि बदललेलें गांव

सन १९०७ मध्यें जळगांवच्या कविसंमेलनांत त्र्यंबक बापूजी ठोमरे या किशोरवयीन मुलानें स्वतःची कविता म्हटली आणि ‘बालकवि’ ही पदवी मिळविली. वडीलधाऱ्यांनीं कान दिला, हें त्यांतील मर्म. श्रोतेहो, आपल्या घरीं मूल कविता घेऊन आलें, कीं प्रथम ऱ्हस्वदीर्घ तपासले जातात! ती लाल शाई मागाहूनही चालेल.

विषय ‘वसंतऋतु’ दिला, तर मुलें क्रमिक पुस्तकांतला कोकिळच परत करतात. त्यापेक्षां डोळ्यांदेखत काय बदललें, तें विचारावें. भीमेवर उजनीचें धरण १९८० मध्यें पुरें झालें आणि पळसदेवचें जुनें देऊळ पाण्याखालीं गेलें. ज्या उन्हाळ्यांत पाणी फार उतरतें, त्या उन्हाळ्यांत तें पुन्हां उघडें पडतें. तेथल्या नातवानें आजीला विचारावें : आपला उंबरा कोठें होता? पारावर कोण बसत असे? तिच्या तोंडचीं नांवें जशींच्या तशीं उतरून घ्यावींत. यमक चुकलें तरी चालेल. ‘प्रगति’, ‘वियोग’ असले जड शब्द मात्र पहिल्या खर्ड्यांत नकोत. त्याच पाण्यावर घरचा ऊंस उभा आहे, हेंही मुलाला ठाऊक असतें. दोन्ही गोष्टी एकाच कवितेंत आल्या, तर वडिलांनीं त्यांतली एक खोडूं नये.