शब्द आणि वीट

माऊली, पंढरीला गेलात की देवाच्या पायाखाली बघा. काय आहे? वीट. पुंडलिक आईबापाच्या सेवेत होता. त्यानं वीट सरकवली, म्हणाला, थांब देवा. देव थांबला. अठ्ठावीस युगं झाली. वैकुंठात काय कमी होतं? पण थांबतो म्हटलं ना, मग थांबला!

गेल्या उन्हाळ्यात एक लेक भेटली. नुकतीच बी.एड. झालेली. खेड्यातल्या शाळेला होकार कळवला, आणि आठ दिवसांत शहरातल्या शाळेचं बोलावणं आलं. पगार दुप्पट. इकडं वडलांच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज. म्हणाली, "महाराज, काय करू?"

आता पैसा म्हणजे माया, असं सांगून मी मोकळं व्हायचं? नाही हो. बापाचं कर्ज फेडणं हीसुद्धा पुंडलिकाचीच सेवा! म्हटलं, "बाळ, तुझ्या होकारावर कोण कोण विसंबलंय, ते आधी मोज."

ती म्हणाली, "हेडमास्तरांनी बाकीच्यांना नाही कळवलं. 15 जूनला शाळा उघडेल. गणिताला दुसरं कुणी नाही."

आणि गप्प झाली. उत्तर तिचं तिलाच सापडलं होतं.

आज ती त्याच शाळेत आहे. पुढं जायचं ठरलं, तर वर्ष पुरं करून, आधी सांगून जाणार. हप्ता जड जातो, खोटं कशाला सांगू?

तुमच्यावरही अशी वेळ येईल. जास्तीची इच्छा धरणं पाप नाही. होकाराआधी हवा तेवढा विचार करा. होकार दिल्यावर मात्र विटेकडे बघा.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!