नाव ठेवणे आणि नावे ठेवणे



धर्मग्रामाच्या या महोत्सवप्रसंगी आपल्या पूर्वजांचे कृतज्ञतापूर्वक स्मरण करणे हे आपले आद्य कर्तव्य होय. परंतु ज्यांचे स्मरण करावयाचे त्यांची नावे वाचू लागताच आपली तरुण मंडळी गालातल्या गालात हसू लागतात. धोंडिबा, दगडू, केरबा, कोंडाबाई, चिंधाबाई! ही का माणसांची नावे, असे त्यांस वाटते. आपल्या मराठी भाषेत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचे अंतर आहे. अर्थाचे अंतर मात्र आशीर्वाद आणि निंदा यांच्याइतके आहे. याविषयी आज आपणाशी चार शब्द बोलावे असे योजिले आहे.

प्रथम या जुन्या नावांचे अर्थ पाहू. धोंडू व दगडू म्हणजे पाषाण. केरबा म्हणजे केरकचरा. कोंडिबा व कोंडाबाई या नावांत धान्याचा कोंडा आहे, तर चिंधाबाईच्या नावात फाटकी चिंधी. भिकू म्हणजे भीक मागून मिळालेला. नथू म्हणजे ज्याच्या नाकात जन्मताच नथ घातली तो. आता मला सांगा, कोणती आई आपल्या पोटच्या गोळ्यास केर किंवा चिंधी समजेल? एकही नाही. ज्या घरी पाठोपाठ लेकरे दगावत, त्या घरीच बहुधा अशी नावे ठेवीत. देवी, पटकी आणि दुष्काळ यांपुढे माणसाचे काही चालत नसे. तेव्हा आई नव्या बाळास उकिरड्यावर लोळवी, अथवा मूठभर कोंड्याच्या मोलाने शेजारणीस विकून पुन्हा पदरात घेई. मुलाच्या नाकात नथ घालून तो मुलगी असल्याचे भासवी. हेतू एवढाच की काळाची दृष्टी या कचऱ्यावर पडू नये आणि दगडास काही इजा होऊ नये. या नावांत बाळाविषयी तिरस्कार नव्हता. होती ती भ्यालेल्या मायेची प्रार्थना.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात नवसाचीही नावे पुष्कळ. तेरच्या गोरोबाकाकांवरून गोरोबा, तुळजापूरच्या देवीवरून तुळजाराम, अणदूर-नळदुर्गच्या खंडोबावरून खंडू. आणि पीर-फकिरांच्या दर्ग्यात मागितलेला तो पिराजी किंवा फकिरा. 'हे लेकरू आम्ही मागून घेतले आहे', असेच ही नावे सांगतात. आपली श्रद्धा निराळी असली तरी आईबापांची ही तळमळ आपणास परकी नाही. शमुवेलाच्या आईनेही मंदिरात रडून पुत्र मागितला व मागून मिळाला म्हणूनच त्याचे नाव ठेवले.

पवित्र शास्त्र उघडून पाहिले तर तेथेही दुःखाची नावे आढळतात. बेथलेहेमच्या वाटेवर प्रसूत होऊन प्राण सोडताना राहेलीने पुत्रास बेनओनी, म्हणजे 'माझ्या दुःखाचा पुत्र', म्हटले. याकोबाने ते नाव पालटून बन्यामीन, 'उजव्या हाताचा पुत्र', असे ठेविले. होशेय संदेष्ट्याच्या कन्येचे नाव लो-रुहामा होते. अर्थ असा की जिच्यावर दया नाही ती. पुढे देवाने त्या नावातील नकार काढून टाकला आणि 'रुहामा', जिच्यावर दया झाली ती, एवढेच राखिले.

आणि धोंडिबाचे काय? शिमोन कोळ्यास प्रभूने स्वतः नवे नाव दिले ते कोणते? केफा, ग्रीक भाषेत पेत्र, अर्थ खडक. म्हणजे ख्रिस्तसभेच्या पहिल्या पोपमहाशयांचे नाव मराठीत सांगावयाचे तर ते धोंडिबाच्याच जवळचे होईल! भेद इतकाच की आपल्या आजीने बाळास दगड म्हटले ते भयापोटी, आणि प्रभूने शिमोनास खडक म्हटले ते विश्वासाने. यास्तव, ज्यांच्या घरी धोंडिबा आजोबा होऊन गेले, त्यांनी ते नाव ताठ मानेने घ्यावे.

मात्र एका नावाविषयी अशी रदबदली करता येत नाही. ते नाव नकोशी. केर व कोंडा ही नावे लेकरू राहावे म्हणून ठेवीत. हे नाव मात्र मुलगी झाली, आता पुरे, पुढे मुलगा व्हावा म्हणून ठेवीत. तिकडे मायेने पांघरलेले सोंग होते. इकडे शब्दाचा जो अर्थ तोच घरच्यांच्या मनातला अर्थ. आणि ही केवळ पुराणकाळची गोष्ट नव्हे. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा नावाच्या २८५ मुलींस जाहीर समारंभात नवी नावे देण्यात आली. रोज हाक ऐकताना 'तू नको होतीस' हेच ज्यांनी ऐकले, त्या मुलींच्या मनाचे काय झाले असेल? बंधूंनो, नाव न ठेवताही कन्येस नकोशी करता येते. दुसरी मुलगी झाली असता पेढे वाटताना ज्याचा हात आखडतो, त्याने तिचे तेच नाव ठेविले असे समजावे. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरू आईबापांस प्रथम विचारतो, 'या बालकाचे नाव काय?' त्या प्रश्नाचे उत्तर ओठांनी द्यावयाचे आणि अंतःकरणानेही.

आता ख्रिस्तसभेची शिस्त सांगतो. १९१७ च्या धर्मसंहितेत असा नियम होता की पालकांनी ख्रिस्ती नाव ठेवावे. त्यांचे मन वळले नाही, तर धर्मगुरूने एखाद्या संताचे नाव जोडून दोन्ही नावे नोंदवहीत लिहावीत. म्हणजे घरचे नाव पुसून टाका, असे त्या कडक काळीही म्हटलेले नाही. १९८३ च्या संहितेने एवढेच मागितले की नाव ख्रिस्ती भावनेशी विसंगत नसावे. आपल्या जिल्ह्याचे नावही २०२३ साली सरकारदरबारी धाराशिव झाले, तरी जुन्या दाखल्यांवर उस्मानाबाद राहिलेच. तद्वत् एका माणसाची दोन नावे सुखाने एकत्र नांदू शकतात.

संतांची नावे परदेशी म्हणून निरर्थक वाटतात, तीही अर्थाने भरलेली आहेत. योहान म्हणजे देवाची कृपा. स्तेफन म्हणजे मुकुट. तमिळ ख्रिस्ती जनांनी त्यास आपल्या भाषेत मुडियप्पर केले, कारण तमिळमध्ये 'मुडि' म्हणजे मुकुट. फेलिक्स म्हणजे आनंदी, आग्नेस म्हणजे निर्मळ, मार्गारेट म्हणजे मोती, लूसी म्हणजे प्रकाश, सोफिया म्हणजे प्रज्ञा, थिओडोर म्हणजे देवाचे दान. वसई-गोव्याकडील पास्कू हे नाव पास्काच्या सणाचे, नातालीन नाताळचे, आणि दुमिंग प्रभूच्या वाराचे, म्हणजे रविवारचे. तेव्हा देवदान, आनंद, निर्मला, प्रज्ञा अशी मराठी नावे ठेवणारे पालक संतांपासून दूर गेले, असे कोणी मानू नये. त्यांनी त्या संताचेही स्मरण मुलांस शिकवावे, म्हणजे झाले.

हल्ली मोबाईलवर पाहून, कोणाचेच नसेल असे नाव शोधण्याची हौस फार. नवे नाव ठेवण्यास हरकत नाही. जखऱ्याच्या कुळातही योहान नावाचा कोणी नव्हता. पण त्याने पाटीवर जे लिहिले ते देवाने सांगितलेले, अर्थपूर्ण नाव होते. म्हणून माझी विनंती इतकीच : बाप्तिस्म्यास येण्यापूर्वी नावाचा अर्थ जाणून या. घरातील वृद्धांस बसवून त्यांची नावे कोणी व का ठेवली, हे विचारा आणि लिहून ठेवा. त्यांच्यामागे ते सांगणारा कोणी उरणार नाही. जमल्यास आजीचे किंवा आजोबांचे नाव बालकाच्या नावाशेजारी असू द्या. आणि मुलगी झाली तर तिचे नाव अधिक मोठ्या आवाजात सांगा.

आपल्या पूर्वजांनी भीत भीत जी नावे ठेविली, ती सर्व देवाने प्रेमाने वाचली आहेत, हा आपला विश्वास. त्याच्या दप्तरात कोणीही केर नाही, कोणीही नकोशी नाही. तो प्रभू आपणा सर्वांस नावाने हाक मारो व आशीर्वाद देवो. आमेन.