'नोंद उपलब्ध नाही'



साहित्याच्या व्यासपीठावर संगणकवाल्याला बोलावण्याचं धाडस तुम्ही केलंत, त्याबद्दल आभार. माझी बरीच वर्षं हैदराबादेत कंपन्यांच्या हिशेबाच्या आणि पगाराच्या प्रणाली सांभाळण्यात गेली. 'माहिती सापडत नाही' ही तक्रार मी सर्वाधिक ऐकली. तिचाच एक प्रसंग सांगतो, कारण त्याचं मूळ मराठीच्या एका अक्षरात होतं.

एका कंपनीचा कारखाना महाराष्ट्रात होता. कंत्राटी कामगारांची हजेरी ठेकेदाराकडून एक्सेलमध्ये यायची. तिच्यात क्रमांक नसायचे, म्हणून जुळणी मराठी नावावर व्हायची. एका महिन्यात काहीजणांचा पगारच निघाला नाही. पडद्यावर उत्तर एकच: 'नोंद उपलब्ध नाही'. मीही फोनवर सांगून मोकळा झालो, की ही माणसं प्रणालीत नाहीत. ते चूक होतं.

अशा वेळी आधी विचारायचं, माहिती नाही की दिसत नाही? बहुतेकदा ती असते. तारखेची मर्यादा चुकलेली असते, किंवा पाहणाऱ्याला अधिकार नसतो. सॅपमध्ये अडलेला अधिकार 'एसयू५३' या आज्ञेनं कळतो. किंवा दोन तक्ते जोडताना जोडीदार न मिळालेली ओळ गुपचूप गळते. ही गळती सर्वांत फसवी. तिथे चूक झाल्याचा संदेश येत नाही, बेरीज तेवढी कमी भरते. अशा वेळी सगळा अहवाल चाळत बसू नये, एकच हरवलेलं नाव धरून त्याचा माग काढावा.

मी 'कऱ्हाडे' धरलं. नाव दोन्ही याद्यांत होतं! छापून शेजारी ठेवलं, तरी काना-मात्रेचा फरक नाही. मग संगणकाला दोन्हींतली चिन्हं मोजायला लावली. एकीकडे ७, दुसरीकडे ८.

युनिकोडमध्ये 'ऱ' ला स्वतंत्र स्थान आहे. तो, हलन्त आणि 'ह' मिळून 'ऱ्ह' होतो. पण साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह टाकूनही तसाच 'ऱ्ह' दिसतो. 'र' खाली नुक्ता देऊनही तो मिळतो. डोळ्यांना तिन्ही एकच. आकडे ताडून पाहणाऱ्या यंत्राला मात्र ती तीन वेगळी माणसं. गळालेली बाकीची नावं पाहिली, तर कुऱ्हाडे, गोऱ्हे अशीच!

युनिकोडच्या प्रमाणीकरणाने नुक्त्याचा प्रकार सरळ होतो. अदृश्य चिन्हाचा होत नाही. त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागला, तोही दोन्ही याद्यांना जुळणीच्या आधी लावायचा. बैठकीत कुणी सुचवलं, नावं इंग्रजीतच घ्या, कटकट मिटेल. कशी मिटणार? रोमन लिपीत एकाच आडनावाची तीन-तीन स्पेलिंगं, आणि ती तर एका नियमाने जुळतही नाहीत. मी विरोध केला. खरा उपाय कामगार-क्रमांकाचा होता. ठेकेदाराने तो पुढच्या महिन्यापासून मान्य केला. अडलेले पगार आठवड्याभराने निघाले. त्या आठवड्यात त्यांच्या घरी काय झालं, हे कुठल्याच तक्त्यात नाही.

इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'ऱ' साठी शिफ्ट आणि जे दाबायचं, हलन्तासाठी डी. इथल्या शिक्षकांना विनंती, की तुमच्या शाळेत मुलांना 'कऱ्हाड' टंकायला सांगा आणि ती कुठली कळ दाबतात ते जरा मागे उभं राहून पाहा.