पहिला तास



पगार-बोनसाची भांडणे भांडणाऱ्या आमच्यासारख्या माणसाने बाळंतिणीच्या खोलीविषयी बोलावे, याचे आपल्याला नवल वाटेल. पण १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिरजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपण हा कामगारांचाही प्रश्न आहे.

आमच्या सुनेचे बाळंतपण रुग्णालयात, पोटावरील शस्त्रक्रियेने झाले. पहिल्या दिवशी थोडा पिवळसर चीक तेवढा येई. घरातल्या वडीलधाऱ्यांनी निकाल दिला, "दूध उतरले नाही, पोर उपाशी राहील." कोणी मध काढला, आम्ही स्वतः डब्याचे दूध आणायला निघालो. सुनेला कोणी काही विचारले नाही. रात्रपाळीच्या सिस्टरने आम्हांला दारातच थांबवले. "काका, बाळाचे पोट आत्ता एवढेसेच आहे. त्याला चीक पुरतो," ती म्हणाली. सुनेला तिने कुशीवर वळवले, बाळ छातीशी लावले आणि अर्धा तास तेथेच बसली.

हिशेब सोपा आहे. बाळ जितके ओढते तितके दूध वाढते. बाटलीने पोट भरले की ते कमी ओढते, दूध आटते, आणि आपण म्हणतो, "आम्ही सांगत नव्हतो?"

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे ८९ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत झाल्याचे दिसले. पहिल्या तासात अंगावर पाजलेली मुले मात्र सुमारे ४२ टक्केच. म्हणजे नुसत्या भिंती पुरत नाहीत. १९९२ च्या कायद्याने डब्याच्या दुधाच्या जाहिरातीला बंदी केली. नातेवाइकांच्या जिभेला कोणता कायदा घालणार?

त्या सिस्टरवर त्या रात्री साऱ्या वॉर्डाचा भार होता. तो अर्धा तास तिने आपल्या जेवणाच्या सुटीतून दिला. जेथे सिस्टर अपुऱ्या, तेथे रडणाऱ्या बाळाच्या तोंडी बाटली जाते. म्हणून सिस्टरांची संख्या वाढवा, ही मागणी जितकी त्यांची तितकीच बाळाचीही आहे.

एखाद्या आईला खरोखर दूध पुरत नाही, एखादे बाळ आजारी असते. तेथे डॉक्टर सांगतील तसे करावे. त्या आईला टोचून बोलू नये.

मग घरच्यांनी काय करावे? पाठीला उशी द्यावी, प्यायला पाणी द्यावे, भेटीला येणाऱ्यांची गर्दी आवरावी. आणि काही ठरवण्याआधी तिला विचारावे. आम्ही हे उशिरा शिकलो. आपण लवकर शिकावे, एवढीच विनंती.