बोल्टाच्या माथ्यावरील आंकडे

लोखंडी सामानाच्या दुकानांत गेलेला गृहस्थ बोल्टाची जाडी पाहतो, लांबी पाहतो, आटे बसतात कीं नाहीं हेंहि पाहतो. परंतु माथ्यावर उमटविलेल्या आंकड्यांकडे त्याचें क्वचितच लक्ष जातें. वस्तुतः बोल्टाचें बळ तेथेंच सांगितलेलें असतें.

समजा, मिलिमीटरी मापाच्या पोलादी बोल्टावर ८.८ असें आहे. हा दशांश अपूर्णांक नव्हे. हे दोन स्वतंत्र आंकडे होत. पहिल्यास शंभरानें गुणावें. तुटण्यापूर्वीं हा बोल्ट दर चौरस मिलिमीटरास निदान ८०० न्यूटन ताण सोसतो, असा त्याचा अर्थ. दुसरा आंकडा सांगतो कीं, याच्या आठ-दशांशापुढें, म्हणजे ६४० न्यूटनांपुढें, तो कायमचा लांबूं लागतो. ४.६ च्या बोल्टास हेच आंकडे ४०० व २४० येतात.

धोका येथेंच आहे. १० मिलिमीटर जाडीचे हे दोन बोल्ट दिसावयास सारखेच. पण एक सुमारें ४,७०० किलोग्रॅम भार पेलतो, दुसरा त्याच्या निम्माच. मोटारीच्या ब्रेकचा बोल्ट हरवला असतां केवळ माप जुळवून दुसरा बसविणें म्हणूनच जिवावर बेतूं शकतें.

मात्र मोठा आंकडा तोच उत्तम, असेंहि नाहीं. १२.९ चा अतिकठीण बोल्ट जस्ताचा विद्युत्-मुलामा देतांना हायड्रोजन शोषून ठिसूळ होऊं शकतो. नटहि तोलाचा हवा, ८.८ च्या बोल्टास निदान ८ चा.

तेव्हां दुकानांत जातांना जुना बोल्ट बरोबर न्यावा, आणि मापासह त्याचा आंकडाहि सांगावा. ज्याच्या माथ्यावर आंकडाच नाहीं, त्याच्यावर जोखमीचें काम सोंपवूं नये.