विहिरीचं पाणी आणि तान्ह्याची वाटी

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज कापसाच्या भावाआधी तान्ह्या मुलाच्या दुधापाण्याबद्दल बोलायचं आहे. ‘हे बायकांचं काम’ म्हणून जी पुरुषमंडळी टपरीकडे निघाली, त्यांनी जरा थांबावं. विहीर तुमची आहे आणि युरियाची गोणीही तुम्हीच फोडता.

पहिले सहा महिने मुलाला फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नाही, मे महिन्यात पारा ४५ वर गेला तरी नाही. आजी म्हणते, पोराचा घसा सुकतो. पण आईच्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं. उन्हाळ्यात पोराला जास्त वेळा अंगावर पाजावं, पाणी आईनं प्यावं. पोराच्या पोटात पाणी गेलं की तेवढं दूध कमी जातं, वर हगवण लागते ती वेगळीच. घुटी, मध, गूळपाणी यांचंही तेच. सहा महिन्यांनंतर वरच्या अन्नाबरोबर उकळून गार केलेलं पाणी घोट-घोट द्यावं.

आता वेचणीला जाणारी बाई विचारेल, मी दिवसभर वावरात, घरी पोराला काय पाजायचं? प्रश्न खरा आहे. नोकरीतल्या बाईला २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. पऱ्हाटीतल्या बाईची रजा म्हणजे बुडालेली मजुरी. तिनं निघण्यापूर्वी हातानं दूध काढून, उकळून घेतलेल्या भांड्यात, थंड जागी झाकून ठेवावं. आजीनं ते तीन-चार तासांत वाटी-चमच्यानं पाजावं. मूल वावरात आणता आलं तर आणखी बरं. फवारणीच्या दिवशी मात्र आणू नये.

आई दगावली, किंवा दूध पुरत नाही असं डॉक्टर म्हणाले, तर पावडरीचा डबा आणावा लागतो. या पावडरीची जाहिरात करायला आणि आयांना फुकट डबे वाटायला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे. १९७२ साली सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी सोसलेले आपण. सरकारी बंदी म्हटली की आपल्या कपाळावर आठी पडते. ही बंदी मात्र मला पटते, कारण इथलं गिऱ्हाईक बोलू शकत नाही.

डबा महाग, म्हणून घरोघर एकच गोष्ट होते. दोन चमच्यांच्या जागी एक. डबा दुप्पट दिवस पुरतो, पोर मात्र अर्धपोटी राहतं. जादा पाण्यानं रक्तातलं मीठ उतरून झटकेही येतात. घट्ट केलं तरी वाईट, मूत्रपिंडावर ताण येतो. डब्यावर लिहिलं असेल तेवढंच पाणी आणि डब्यातल्याच चमच्यानं, वरून सपाट केलेली पावडर. पाणी खळखळून उकळावं आणि अर्ध्या तासाच्या आत, चांगलं गरम असतानाच त्यात पावडर घालावी, कारण पावडरीतही जंतू असू शकतात. मग भांडं गार पाण्यात ठेवून दूध कोमट करावं, मनगटावर थेंब टाकून पाहावा. उरलेलं दूध फेकून द्यावं. जीव हळहळतो, पण संध्याकाळसाठी ठेवू नये. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा; बाटलीच्या बुचाची खाच घासून निघत नाही.

आता विहिरीचं. खताचा नत्र, उकिरडा, गोठा, शौचखड्डा, या सगळ्यांतलं नायट्रेट झिरपून विहिरीत उतरतं. ते दिसत नाही, चव लागत नाही. उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटलं की उलट दाट होतं. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पाणी तान्ह्याच्या पावडरीला वापरू नये. त्यानं रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, ओठ आणि नखं निळी-राखाडी पडतात. असं दिसलं तर घरी काही करत बसू नका, पोराला तडक दवाखान्यात न्या.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ या आपल्या कापसाच्या जिल्ह्यांत नायट्रेट जास्त सापडल्याची नोंद आहे. म्हणून ज्यांच्या घरी बाळंतपण जवळ आलं आहे, त्यांनी विहिरीचा आणि हापशाचा नमुना वेगवेगळ्या स्वच्छ बाटल्यांत भरून शासकीय पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्यावा. बाटलीवर गाव, विहीर आणि तारीख लिहावी. ‘नायट्रेट तपासा’ असं तोंडानं सांगावं. आणि बाटली औषधाची नको. फवारणीचा डबा कितीही धुतला तरी तो पाण्याला वापरायचा नाही.