संशोधनाचे पहिले गुरु

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, लाखांदूर तालुक्यांत, दिघोरी नांवाचें गांव आहे. सभोंवार धानाच्या बांध्या आणि अधूनमधून तलाव व बोड्या, असा हा सारा मुलूख. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाच्या कसबी हातांनीं या प्रांतांत पाळी घालून पाणी अडविलें. पुढें मालगुजारांच्या ताब्यांत असलेले हे तलाव आज ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या नांवानें ओळखले जातात. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. परंतु कोठें गाळ सांचला, कोठें बेशरमाचीं झुडपें माजलीं, कोठें पाणी आणणारे ओहोळ बुजले.

अशा गांवांतील एक विद्यार्थी कल्पनेनें डोळ्यांसमोर आणावा. तो बी. एस्सी. च्या दुसऱ्या वर्षांत आहे. रोज एस. टी. नें महाविद्यालयांत जातो आणि सायंकाळीं परत येतो. महाविद्यालयाची पायरी चढणारा त्याच्या घरांतील तो पहिलाच. एके दिवशीं तास संपल्यावर तो भीत भीत विचारतो, “सर, आमच्या गांवची बोडी फाल्गुनांतच आटते आणि शेजारच्या गांवची वैशाखापर्यंत टिकते. असें कां?”

हा प्रश्न अभ्यासक्रमांतील नाहीं. परीक्षेंत येणाराहि नाहीं. एक अध्यापक म्हणेल, “आधीं परीक्षेचें पाहा.” दुसरा लागलीच बाष्पीभवन, पाझर, गाळ हीं कारणें सांगून मोकळा होईल. तिसरा क्षणभर थांबेल आणि म्हणेल, “मलाहि नक्की सांगतां येणार नाहीं. तूं असें कर. दोन वेळू घे, त्यांवर इंचाइंचाच्या खुणा कर आणि दोन्ही बोड्यांत एकेक रोव. दर रविवारीं पाणी किती उतरलें तें वहींत लिही. महिन्यानें आपण दोघे वही पाहूं.”

आजचें भाषण या तिसऱ्या अध्यापकाविषयीं आहे.

पदवी मिळण्यापूर्वींच विद्यार्थ्यानें संशोधन करावें, ही कल्पना कित्येकांस धाडसाची वाटते. ज्यास पाठ्यपुस्तक अजून पुरतें उमगलेलें नाहीं, तो नवें काय शोधणार? या शंकेस महाराष्ट्रांतच एक सुंदर उत्तर आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत शिकत असतांना १९२७ सालीं त्यांच्या स्वतंत्र गणिती लेखनास रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें पारितोषिक मिळालें. पदवी त्यांच्या हातीं आली ती त्यानंतर, १९२९ सालीं. पुढें १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळाली येथें शाळामास्तर होते, आणि फावल्या वेळांत आंकड्यांशीं खेळत होते. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीहि चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून वजाबाकी करावी, आणि हेंच पुनःपुन्हा करीत जावें. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते, आणि पुढें तीच कायम राहते. ३५२४ या संख्येपासून आरंभ केला तर ३०८७, मग ८३५२, आणि तिसऱ्याच पायरीस ६१७४. ही संख्या आज जगभर कापरेकरांच्या नांवानें ओळखली जाते. ज्या पारितोषिकानें या तरुणाच्या स्वतंत्र विचाराचा प्रथम गौरव झाला, त्यास नांव होतें तें एका गणिताच्या शिक्षकाचें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आतां असें संशोधन अपवाद राहिलेलें नाहीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत मार्गारेट मॅकव्हिकर यांनीं १९६९ सालीं पदवीपूर्व विद्यार्थ्यांना अध्यापकांच्या संशोधनांत सामील करून घेण्याची योजना सुरू केली. उत्तम मार्गदर्शक कोण, हें विद्यार्थ्यांसच विचारून त्यांचा गौरव करण्याची प्रथाहि तेथें आहे. मुंबईंत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानें २००४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाची गोडी लावण्याचा राष्ट्रीय उपक्रम चालविला. महाराष्ट्रांतील विद्यापीठांचें ‘आविष्कार’ हें संशोधन-संमेलन भरतें. त्यांतहि पदवीच्या विद्यार्थ्यांस स्वतंत्र स्थान आहे. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ च्या डिसेंबरांत जाहीर केलेल्या चार वर्षांच्या पदवीच्या आराखड्यांत, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यास चौथ्या वर्षीं संशोधन करण्याची वाट मोकळी केलेली आहे. त्यांतील प्रबंधास १२ श्रेयांक आहेत.

याप्रमाणें विद्यार्थ्यासाठीं दार उघडलें. पण दार दाखविणाऱ्याचें काय? आयोगाच्याच २०१८ च्या नियमावलींत अध्यापकांच्या संशोधनाचे गुण मोजण्याचा एक तक्ता आहे. पीएच. डी. चा एक विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडला कीं मार्गदर्शकास दहा गुण. प्रबंध नुसता सादर झाला तरी पांच. पदव्युत्तर प्रबंधास दोन. पदवीपूर्व विद्यार्थ्याच्या मार्गदर्शनासाठीं त्या तक्त्यांत रकानाच नाहीं! दिघोरीच्या मुलाची वही दर महिन्यास वाचणाऱ्या अध्यापकाचे तास त्यामुळें कोणत्याच हिशेबांत येत नाहींत. आणि तो जर तासिका तत्त्वावर नेमलेला असेल, तर वर्गाबाहेरच्या त्या वेळाचा मोबदलाहि नाहीं, आणि पुढल्या वर्षीं आपण येथें असूं कीं नाहीं याची शाश्वतीहि नाहीं. तरीहि तो वही वाचतो. अशा माणसाचा गौरव विद्यापीठानें करावा, हें सांगण्यास फार युक्तिवाद नको.

भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीनें विद्यार्थ्यांना विज्ञानाकडे वळविणाऱ्या अध्यापकांसाठीं २०१२ सालीं एक पुरस्कार सुरू केला, हें योग्यच झालें. परंतु सबंध देशाच्या पुरस्काराची नजर लहान गांवच्या महाविद्यालयापर्यंत क्वचितच पोंचते. तें काम जवळच्या विद्यापीठाचें आहे. भंडारा जिल्ह्याचें विद्यापीठ नागपूरचें. १९२३ सालीं स्थापन झालेलें, आणि २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचें नांव धारण करणारें. खेड्यांत जाऊन लोकांशीं बोलणाऱ्या संताचें नांव ज्यानें घेतलें, त्यानें खेड्यांतील वह्यांकडेहि पाहावें, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

मात्र गौरव करावयाचा तो कशाचा, हें आधीं ठरविलें पाहिजे. पदकांची संख्या हें माप घेतलें कीं पदकांचे शिकारी निपजतात. मग अध्यापक आपलाच प्रश्न विद्यार्थ्याच्या हातीं देतो, आपणच उत्तर लिहितो, आणि मुलगा केवळ तक्त्यापुढें उभा राहून पाठ केलेलें म्हणून दाखवितो. खऱ्या मार्गदर्शकाच्या खुणा निराळ्या आहेत.

पहिली खूण ही कीं प्रश्न विद्यार्थ्याचा असतो. मार्गदर्शक तो फक्त मोजतां येईल असा नेटका करून देतो. दुसरी, तो उत्तराची घाई करीत नाहीं. तिसरी खूण सर्वांत मोलाची. एखाद्या आठवड्यांत गुरांनीं वेळू उपटून टाकला, आणि मुलानें संकोचून अंदाजाचा आंकडा लिहिला, तर तो रागावत नाहीं. परंतु तो आंकडा खोडावयास लावतो आणि ‘या रविवारीं नोंद नाहीं’ असें लिहावयास सांगतो. रिकामी जागा ही खोट्या आंकड्यापेक्षां अधिक शास्त्रीय आहे, हा धडा ज्यानें विसाव्या वर्षीं गिरविला, तो पुढें न्यायाधीश होवो, तलाठी होवो कीं शेतकरी, जन्मभर उपयोगीं पडतो. चौथी खूण श्रेयाची. बोडींत येणारा ओहोळ कोठें बुजला हें गांवच्या म्हाताऱ्या ढिवरानें सांगितलें असेल, तर त्याचें नांव अहवालांत यावें असा आग्रह हा मार्गदर्शक धरतो, आणि स्वतःचें नांव शेवटीं ठेवतो.

या खुणा तक्त्यांत सांपडत नाहींत, हें खरें. त्या सांपडतात वहींत आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणींत. म्हणून निवड करणाऱ्यांनीं वह्या मागवून वाचाव्या, आणि पदवी घेऊन पांच वर्षें झालेल्या विद्यार्थ्यांस एकच विचारावें, ‘स्वतः विचार करावयास तुम्हांला कोणीं शिकविलें?’ शहरांतील सुसज्ज प्रयोगशाळेची आणि दोन सूक्ष्मदर्शकांवर चालणाऱ्या महाविद्यालयाची तुलना करूं नये. तासिकेवरील अध्यापकास वगळूं नये. गौरव शाल-श्रीफळावर थांबवूं नये. आठवड्यांतील दोन तास मोकळे, उपकरणांस थोडी रक्कम, आणि बोडीपर्यंत जाण्याचें एस. टी. चें भाडें, एवढें दिलें तरी मार्गदर्शकास तें शालीहून ऊबदार वाटेल.

दिघोरीच्या त्या मुलास अखेर कदाचित् एवढेंच कळेल कीं बोडीचा ओहोळ बुजला होता. जगाच्या ज्ञानांत ही भर फार मोठी नव्हे. पण ग्रामसभेंत तो वही घेऊन उभा राहील आणि आंकडे वाचून दाखवील. कोणी शंका काढली तर, ‘चला, मोजून पाहूं’ असें म्हणेल. त्या दिवशीं त्याचा गुरु सभेंत नसेलहि. तो दुसऱ्या कुणाची वही उघडून बसलेला असेल. विद्यापीठानें त्यास तेथें जाऊन शोधावें.